माशाचे घर

एक चूक आमच्या हातून घडली. ती आधी सांगतो. मग धडा सुरू करू.

आम्ही एका खेडेगावच्या शाळेत मुख्याध्यापक होतो. एकदा शाळेतल्या मुलांनी आपापसात पैसे जमवले. तालुक्याच्या बाजारातून एक मासा आणला. बोटाएवढा लहान. रंग निळा-जांभळा. शेपटी लांब, लुगड्याच्या पदरासारखी. काचेच्या बरणीत घालून मुलांनी तो आमच्या टेबलावर ठेवला. सकाळी आले की मासा पाहायचा, घरी जाताना मासा पाहायचा, असा त्यांचा नेम झाला. एरवी शाळा चुकवणारी दोन मुले माशासाठी वेळेवर येऊ लागली.

पुढे तपासणीचे साहेब येणार असे कळले. शाळेची झाडलोट सुरू झाली. आम्ही मुलांना म्हणालो, "बरणीही लख्ख करा." मुलांनी आमचे ऐकले. सगळे पाणी ओतून दिले. बरणी साबणाच्या पुडीने घासली. तळाचे खडेही साबणाने घासले. मग नळाचे ताजे पाणी भरले. त्याच सकाळी गावच्या टाकीत टीसीएल पावडर टाकली होती. बरणी आरशासारखी चमकू लागली. साहेब खूश झाले.

दुसऱ्या दिवशी मासा तळाशी आडवा पडलेला होता.

एका लहान मुलीने विचारले, "गुरुजी, आपण तर सगळं स्वच्छ केलं होतं. मग तो मेला कशानं?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. आम्ही नुसते उभे राहिलो.

पुढे आम्ही पुस्तके वाचली. मासे पाळणाऱ्या जाणत्या माणसांना विचारले. उत्तर मिळाले. पण तोवर ती मुले शाळा सोडून गेली होती. तेच उत्तर आता तुम्हाला सांगतो.

हा मासा कुठला?

बाजारात या माशाला "फायटर" म्हणतात. फायटर म्हणजे लढणारा. त्याचे दुसरे नाव "बेट्टा". तो मूळचा आपल्याकडचा नव्हे. थायलंड नावाचा देश आहे. त्याला पूर्वी सयाम म्हणत. तिथल्या भातखाचरांत, दलदलीत आणि संथ पाण्यात हा मासा राहतो. तिथे लोक त्याच्या झुंजी लावत. त्यावर पैजाही मारत. १९१० साली एका इंग्रज शास्त्रज्ञाने त्याला शास्त्रातले नाव दिले. २०१९ साली थायलंडच्या सरकारने त्याला देशाचा राष्ट्रीय जलचर ठरवले. आपला मोर, तसा त्यांचा हा मासा.

या माशात एक विशेष आहे. इतर मासे कल्ल्यांनी पाण्यातली हवा घेतात. हा तर तसे करतोच, पण अधूनमधून वर येऊन बाहेरची हवाही घेतो. त्यासाठी त्याच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वर, एक निराळा अवयव असतो. आपल्याकडचा मरळ मासाही वर येऊन हवा घेतो. तुम्ही तो पाहिला असेल.

इथेच लोकांची फसगत होते. ते म्हणतात, "हा वरची हवा घेतो ना? मग पेलाभर पाणी त्याला पुरे." दुकानातही तो चिमुकल्या डबीत ठेवलेला दिसतो. म्हणून घरीही लोक त्याला बाटलीत ठेवतात. पण भातखाचराचा विचार करा. पाणी उथळ खरे, पण ते पसरलेले किती असते? त्यात माशाची घाण विरून जाते. बाटलीत ती कुठे जाणार? हवा वरून मिळाली, तरी राहायचे त्या पाण्यातच. आपणही मोकळी हवा घेतो. म्हणून आपल्याला कोणी संडासात राहा म्हटले, तर चालेल का?

पाण्यातले न दिसणारे विष

गोठा दोन दिवस काढला नाही तर काय होते? उग्र वास सुटतो. डोळे चुरचुरतात. तो वास अमोनियाचा. जनावराच्या मुतापासून तो तयार होतो.

मासाही घाण टाकतो. त्याच्या अंगातून अमोनिया सरळ पाण्यात येतो. उरलेले खाणे कुजले की आणखी अमोनिया होतो. पाणी मात्र काचेसारखे नितळ दिसते. दिसायला नितळ, पण आत विष. हे माशाच्या पाण्याचे खरे, आणि माणसाच्या पिण्याच्या पाण्याचेही खरे. नितळ पाणी शुद्ध असतेच असे नाही.

मग या विषाचे काय होते? निसर्गाने त्याची सोय केली आहे. काही बारीक जिवाणू हा अमोनिया खातात. ते अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषच. मग दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट पुष्कळच सौम्य. थोडे असले तर मासा ते सोसतो.

हे जिवाणू पाण्यात फारसे नसतात. ते खड्यांवर, काचेवर, गाळणीच्या स्पंजात वस्ती करून राहतात. दह्याचे विरजण तुम्हाला ठाऊक आहे. विरजणात जिवाणू असतात, म्हणून दुधाचे दही होते. विरजणाचे भांडे घासून टाकले तर दही लागेल का? तसेच हे. खडे आणि स्पंज हे माशाच्या पाण्याचे विरजण आहे.

आता त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर पाहा. आम्ही साबण लावला. साबणाचा अंश खड्यांत राहिला. साबण माशाला विष. टीसीएल पावडरीतला क्लोरीन आपल्या पिण्याच्या पाण्यातले रोगजंतू मारतो. ते चांगलेच आहे. पण तोच क्लोरीन माशाचे कल्ले जाळतो आणि आपले विरजणही मारतो. शिवाय एका क्षणात सगळे पाणी बदलले. जुने कोमट, नवे गार. एवढा धक्का लहान जिवाला सोसत नाही. म्हणजे आम्ही बरणी स्वच्छ केली, आणि माशाचे घर मोडले.

पेटी कशी मांडावी?

माशाला निदान २० लिटर पाणी हवे. १५ किलोचा तेलाचा डबा असतो ना? त्यात मावते त्याहून थोडे जास्त. काचेची पेटी ४० सेंटिमीटर लांब, २५ रुंद आणि २५ उंच घ्यावी. त्यात २० सेंटिमीटर उंचीपर्यंत पाणी भरावे. ४० गुणिले २५ गुणिले २० म्हणजे २०,००० घन सेंटिमीटर. म्हणजेच २० लिटर. वरची ५ सेंटिमीटर जागा रिकामी सोडावी. माशाला हवा घेता आली पाहिजे.

पाणीच २० किलो भरते. काच आणि खडे वेगळे. म्हणून पेटी डुगडुगत्या फळीवर ठेवू नये. पक्के टेबल किंवा कट्टा पाहावा. उन्हात ठेवू नये. उन्हाने पाणी तापते आणि हिरवे होते. चुलीच्या धुराजवळ ठेवू नये. खोलीत डास मारायची फवारणी करू नये. त्या औषधाने मासा मरतो.

पेटीवर जाळीचे झाकण हवेच. हा मासा उडी मारतो. एकदा बाहेर पडला तर सकाळी जमिनीवर वाळलेला सापडतो.

तळाशी बारीक गुळगुळीत खडे घालावेत. आधी ते नुसत्या पाण्याने पुष्कळ धुवावेत. खड्यावर लिंबाचे दोन थेंब पिळून पाहावे. फसफसले तर त्यात चुना आहे. तो खडा घेऊ नये. लपायला एखादे मातीचे सुगड आडवे ठेवावे. संक्रांतीचे चालेल, पण रंगवलेले नको. पाण्यात वाढणारी एकदोन झाडे लावावीत. प्लॅस्टिकची टोकदार झाडे घालू नयेत. त्यांनी माशाचे पर फाटतात.

लहान पंपावर चालणारी स्पंजची गाळणी लावावी. तिचा प्रवाह मंद असावा. या माशाला जोराचे पाणी सोसत नाही. पंप बंद ठेवू नये. बंद राहिला तर स्पंजातले जिवाणू मरू लागतात.

पाणी २४ ते २८ अंश उबदार हवे. मुंबई-कोकणात वर्षातले बरेच दिवस तेवढे असते. घाटावर थंडीच्या रात्री पाणी फार गार पडते. तिथे पाणी तापवायची लहान विजेची कांडी लागते. ती आपोआप बंद-चालू होणारी घ्यावी. पेटीत उष्णतामापक ठेवावा. तो वाचायला अंक आले म्हणजे झाले.

मासा आणायची घाई करू नये. नव्या पेटीत विरजण लागायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. त्या काळात पेटीत रोज चिमटीभर खाणे टाकावे. ते कुजून अमोनिया होतो, आणि त्यावर जिवाणू वाढतात. कोणा ओळखीच्याकडे जुनी निरोगी पेटी असेल, तर तिच्यातला स्पंजाचा तुकडा मागून आणावा. शेजारणीकडून विरजण आणतो, तसेच. त्याने काम लवकर होते. पेटी तयार झाली की मासा आणण्याआधी निम्मेअधिक पाणी बदलावे, म्हणजे साचलेले नायट्रेट कमी होते.

पुष्कळांच्या घरी आधी मासा येतो आणि मग पेटी येते. आमच्या नातवाचेही तसेच झाले. अशा वेळी विरजण लागेपर्यंत दर एक दिवसाआड चौथा हिस्सा पाणी बदलत राहावे. खाणे अगदी कमी टाकावे.

मासा आणला की पिशवीसकट १५-२० मिनिटे पेटीत तरंगत ठेवावा. मग पिशवीत पेटीतले पाणी थोडे थोडे घालावे. शेवटी मासा जाळीने उचलून पेटीत सोडावा. पिशवीतले घाण पाणी पेटीत ओतू नये.

पाणी कसे बदलावे?

आठवड्यातला एक वार ठरवावा. बाजाराचा वार धरला तर विसरत नाही. त्या दिवशी चौथा हिस्सा पाणी बदलावे. २० लिटरचा चौथा हिस्सा ५ लिटर. जास्त नको, कमी नको. रीत अशी:

१. आदल्या दिवशी एक बादली पाणी भरून उघडी ठेवावी. टीसीएल पावडरीचा क्लोरीन एका दिवसात बराच उडून जातो. बादली फक्त माशासाठी ठेवावी. तिला साबण लावू नये. बादलीवर जाळी टाकावी, म्हणजे डास अंडी घालणार नाहीत.

२. हात साध्या पाण्याने धुवावेत. विजेची कांडी लावली असेल तर ती बंद करावी. पाणी खाली गेल्यावर ती तापलेली राहिली तर तडकते.

३. एक लांब नळी पाण्यात बुडवून पूर्ण भरावी. एक तोंड पेटीतच ठेवावे. दुसरे तोंड बोटाने दाबून खालच्या रिकाम्या बादलीत सोडावे. बोट काढले की पाणी आपोआप वाहते. तोंडाने ओढू नये. नळीचे वरचे तोंड खड्यांवरून फिरवावे. तळाची घाण निघून जाते.

४. स्पंज मळला असेल तर याच काढलेल्या पाण्यात दोनदा पिळावा. नळाखाली धुवू नये. विरजण आठवा.

५. आदल्या दिवशीच्या बादलीतले पाणी हात घालून पाहावे. पेटीतल्या पाण्याइतके उबदार असले पाहिजे. नसेल तर त्याच शिळ्या पाण्यातले थोडे गरम करून त्यात मिसळावे. मग तांब्याने हळूहळू ओतावे.

काढलेले पाणी गटारात ओतू नये. त्यात नायट्रेट असते, आणि नायट्रेट म्हणजे पिकाचे खतच. ते वांगी-मिरचीच्या रोपांना घालावे. रोपे तरारतात.

आणखी दोन गोष्टी. पहिली ही की, काही शहरांत पाण्यात क्लोरामीन घालतात. ते बादलीत ठेवून उडत नाही. त्यासाठी मासेवाल्याच्या दुकानात थेंबाचे औषध मिळते. त्याने क्लोरीनही जातो. विहिरीच्या पाण्यात पावडर टाकली नसेल तर क्लोरीन नसतो. पण शेतात खत फार टाकत असतील, तर त्या विहिरीत नायट्रेट आधीच जास्त असू शकते. अशी विहीर टाळावी.

दुसरी गोष्ट. उन्हाळ्यात पेटीतले पाणी आटते. आपण वरून भर घालतो. याला पाणी बदलणे म्हणत नाहीत. आमटी आटली की खारट होते. पाणी जाते, मीठ राहते. तसेच पेटीतही पाणी उडते आणि घाण मागे राहते. म्हणून भर घातली तरी आठवड्याचे पाणी बदलायचेच.

खाणे आणि स्वभाव

माशाचे पोट त्याच्या डोळ्याएवढे, असे जाणते सांगतात. सकाळी ३ दाणे, संध्याकाळी ३ दाणे पुरे. आठवड्यात एक दिवस उपास. डासांच्या अळ्या तो आवडीने खातो. उरलेले खाणे लगेच काढावे. माशाला उपाशी ठेवून मारणारे थोडे. लाडाने चारून मारणारेच फार.

दोन नर एका पेटीत कधीही ठेवू नयेत. ते लढतात. लढता लढता मरतातही. मादीही नुसती गंमत म्हणून सोबत ठेवू नये. नर तिलाही जखमी करतो.

कधी पाण्यावर बारीक फेसाचा थर दिसतो. ती घाण समजू नका. नर तोंडाने बुडबुडे सोडून पिलांसाठी घरटे बांधतो. या जातीत अंडी बापच राखतो.

मासा पर मिटून तळाशी बसला, खाईना, रंग उतरला, तर औषधाकडे धावू नये. आधी चौथा हिस्सा पाणी बदलावे आणि पाण्याची ऊब पाहावी. पुष्कळदा एवढ्याने मासा सुधारतो. कंटाळा आला म्हणून मासा विहिरीत किंवा ओढ्यात सोडू नये. तो परक्या मुलखातला आहे. आपल्या पाण्यात त्याला सोडणे बरे नव्हे. पाळायची हौस असेल अशा माणसाला तो द्यावा.

कागदावर लिहिलेले

आमच्या नातवाचा मासा आता दोन वर्षांचा झाला. नीट सांभाळला तर हा मासा तीन-चार वर्षे जगतो.

गेल्या वर्षी लग्नाला म्हणून आम्ही सगळे दहा दिवस गावाला गेलो. माशाची पंचाईत आली. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "मी बघीन की." मावशींनी साक्षरतेच्या वर्गात वाचायला नुकतेच शिकून घेतले होते. आम्ही एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिले:

"सकाळी ३ दाणे. संध्याकाळी ३ दाणे. जास्त नको. शनिवारी बादली भरून ठेवणे. रविवारी ५ लिटर पाणी बदलणे. साबण नको."

कागद पेटीशेजारी भिंतीला चिकटवला आणि आम्ही गेलो. खरे सांगायचे तर मनात धाकधूक होती.

परत आलो. मासा पेटीत मजेत फिरत होता. कागदाखाली मावशींनी पेन्सिलीने लिहिले होते. अक्षर थोडे वाकडे, पण वाचता येत होते:

"रविवार. पाणी ५ लिटर. मासा बरा."

आम्ही विचारले, "मावशी, जास्त खायला घातलं नाही ना?"

मावशी हसल्या. म्हणाल्या, "हात लई शिवशिवायचा, गुरुजी. तो काचेपाशी येऊन तोंड उघडायचा, मला कणव यायची. पण कागदावर लिवलं होतं, जास्त नको. मग रोज पुन्हा वाचायची आणि तीनच दाणे टाकायची."

तो कागद आम्ही काढला नाही. अजून भिंतीवर आहे.

ध्यानात ठेवा

नितळ पाणी शुद्ध असतेच असे नाही.
पाणी थोडे बदला, पण दर आठवड्याला बदला.
खडे आणि स्पंज यांना साबण लावू नका.
नळाचे ताजे पाणी सरळ पेटीत ओतू नका.
एका पेटीत एकच नर ठेवा.

प्रश्न

१. शाळेतला मासा कोणकोणत्या कारणांनी मेला?
२. खडे आणि स्पंज यांना "विरजण" का म्हटले आहे?
३. आटलेल्या पाण्यात भर घालणे म्हणजे पाणी बदलणे नव्हे. असे का?
४. एका पेटीत २४ लिटर पाणी आहे. दर आठवड्याला किती लिटर बदलावे?
५. काढलेल्या पाण्याचा तुम्ही काय उपयोग कराल?
६. तुम्ही आठ दिवस परगावी जाणार आहात. घरच्या गाईसाठी किंवा कोंबड्यांसाठी शेजाऱ्याला चार ओळींचा कागद लिहून दाखवा.